तीन तास आधी आलेला फोटो: स्पॉयलरच्या शिष्टाचाराचा एक प्रकरण अभ्यास

स्पॉयलर म्हणजे न पाहिलेल्याला कथेतलं वळण आधीच सांगून टाकणं. म्हणून आधी एक सूचना. या लेखात ‘द वॉकिंग डेड’ या झॉम्बींच्या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या सीझनच्या मध्यावर कोण मरतं आणि सातव्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये कोण मरतं, हे नावानिशी येणार आहे. मालिका पाहायची राहिली असेल किंवा सध्या तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये असाल, तर इथेच थांबा आणि पाहून झाल्यावर या. शीर्षकात मी मुद्दाम एकही नाव घातलेलं नाही. त्यामागचं कारण हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

काय घडलं

30 नोव्हेंबर 2014, रविवार. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपत आलेली, बरीच माणसं परतीच्या प्रवासात. एएमसी वाहिनीवर पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने रात्री नऊला ‘कोडा’ हा एपिसोड लागला. पाचव्या सीझनचा आठवा एपिसोड, म्हणजे मिडसीझन फिनाले. यानंतर मालिका थेट फेब्रुवारीत परतणार होती. एपिसोड संपला आणि मालिकेच्या अधिकृत फेसबुक पेजवर एक फोटो झळकला: डॅरिल या पात्राच्या हातांवर बेथ या दुसऱ्या पात्राचा निष्प्राण देह, आणि तिला श्रद्धांजली वाहणारे दोन शब्द, ‘आरआयपी बेथ’.

त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावर नुकतीच संध्याकाळ झाली होती. तिथल्या कितीतरी घरांत हा एपिसोड स्थानिक घड्याळाने नऊला लागायचा होता, म्हणजे पूर्वेपेक्षा तीन तास उशिरा. जेवणं आटोपून, दिवे मंद करून बसण्याच्या तयारीत असलेल्या लोकांनी सहज फोन हातात घेतला आणि समोर तो फोटो आला.

फोटोखाली संतापाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी वाहिनीने त्याच पेजवर माफी मागितली. हेतू वाईट नव्हता, आम्ही घाई केली, पुढे अधिकृत पेजवरून असं होऊ नये म्हणून काळजी घेऊ, असा त्या माफीचा आशय होता. माफी स्पष्ट होती आणि लगेच आली, हे मान्य करायलाच हवं. पण ज्यांचा एपिसोड असा फुटला, त्यांना तो परत मिळणार नव्हता.

आता कोणी म्हणेल, एका मालिकेतलं एक पात्र मेलं, त्यात एवढं काय? म्हणून आधी नेमकं काय हिरावलं गेलं ते जवळून पाहू.

काय हरवलं

बेथ ग्रीन हे एमिली किनीने साकारलेलं पात्र दुसऱ्या सीझनपासून मालिकेत होतं. सुरुवातीला शेतावरच्या घरातली खचलेली मुलगी, मग गटाने आसरा घेतलेल्या तुरुंगात बाळ सांभाळणारी, गाणी म्हणणारी. चौथ्या सीझनमध्ये ती आणि डॅरिल दोघंच रानोमाळ भटकतात, तेव्हा कुठे ती खऱ्या अर्थाने चाहत्यांच्या मनात घर करते. मार्च 2014 मधल्या एका एपिसोडमध्ये तिला कोणीतरी गाडीतून पळवून नेतं आणि डॅरिल त्या गाडीमागे धावतो. तिथून पुढे जवळपास आठ महिने चाहते एकच विचारत होते: बेथ कुठे आहे? नोव्हेंबरच्या सुरुवातीला उत्तर मिळालं. ती ॲटलांटातल्या ग्रेडी मेमोरियल हॉस्पिटलमध्ये आहे, आणि तिथल्या पोलिसांनी तिला अडकवून ठेवलंय.

‘कोडा’चा शेवट त्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये घडतो. एका बाजूला मालिकेचा नायक रिक आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला डॉन लर्नर ही अधिकारी आणि तिचे पोलीस. ओलिसांची अदलाबदल ठरलेली आहे. आधी रिकच्या गटातली कॅरल येते, मग बेथ. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी पोहोचतात. सगळं सुरळीत पार पडलं असं वाटतं, आणि डॉन ऐनवेळी नोआची, हॉस्पिटलमधून पळून रिकच्या गटात आलेल्या मुलाची, मागणी करते. नोआ जायला तयार होतो. बेथ त्याला मिठी मारते, वळून डॉनसमोर येते. हाताच्या प्लास्टरमध्ये तिने छोटी कात्री लपवलेली असते. ती कात्री डॉनच्या खांद्यात घुसते, डॉनच्या हातातल्या बंदुकीतून गोळी सुटते, आणि पुढच्या क्षणी बेथ जमिनीवर असते. डॉनच्या चेहऱ्यावर दिसतं की तिला हे करायचं नव्हतं. डॅरिल तिला तिथेच गोळी घालतो.

हा प्रसंग उभा राहतो तो ‘झालं, सुटले सगळे’ या एका श्वासावर. तो श्वास प्रेक्षकाने घेतला पाहिजे, तरच पुढचा धक्का बसतो. ज्याने फोटो पाहिला होता, त्याने तो श्वास घेतलाच नाही. बेथ कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकते तेव्हापासून तो फक्त कधी आणि कशी याची वाट पाहत बसला.

त्याहून मोठं नुकसान मॅगीच्या प्रसंगात झालं असं मला वाटतं. मॅगी ही बेथची बहीण. एपिसोडच्या शेवटाकडे तिला कळतं की बेथ जिवंत आहे आणि कुठे आहे. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेला आनंद उमटतो. सगळे हॉस्पिटलकडे निघतात. ती गाडीतून उतरते आणि समोरून दारातून डॅरिल येतो, हातांवर बेथ. मॅगी तिथेच कोसळते. पेजवर टाकलेला फोटो नेमका याच प्रसंगातला होता. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला मॅगीच्या आधी कळलं होतं. ती हसत असताना तिच्यासोबत हसायची संधी त्याला मिळालीच नाही. मृत्यूचं दुःख त्याला झालं असेलच, पण मॅगीबरोबर झालं नाही.

यावर हमखास एक प्रतिवाद येतो, आणि तो पोकळ नाही. 2011 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्या वाचकांना त्या कथा उलट जास्त आवडल्या. तेव्हापासून प्रत्येक वादात कोणीतरी हा अभ्यास पुढे करतं. पण 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांच्या प्रयोगात कल दुसऱ्या बाजूला गेला. शेवट फोडलेल्या कथा वाचकांना कमी उत्कंठावर्धक आणि कमी हेलावणाऱ्या वाटल्या. म्हणजे संशोधनाच्या जोरावर ‘तुझं काही बिघडलं नाही’ असं कोणाला सुनावता येत नाही. शिवाय लघुकथा एका बैठकीत संपते. बेथला लोक तीन वर्षं दर आठवड्याला पाहत होते आणि आठ महिने शोधत होते. दोन्ही अनुभव एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

चूक नेमकी कुठे झाली

या प्रकरणावर चर्चा झाली की ती बहुतेक वेळा ‘किती वेळ थांबायचं’ यावर येऊन अडते. एक दिवस? आठवडा? पुढचा एपिसोड लागेपर्यंत? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. तीन तासांनी पोस्ट टाकली असती तर गदारोळ झाला नसता, हे खरं. पण सुट्टीवरून परतणारे, एपिसोड रेकॉर्ड करून सोमवारी रात्री पाहणारे, त्यांचं काय? त्यांना तीन तासांचा काहीच उपयोग नव्हता.

माझ्या मते चूक घडली ती जागेची. पूर्व किनाऱ्यावरचा एखादा चाहता त्या रात्री एपिसोडच्या चर्चेत शिरला आणि ‘बेथला का मारलं’ म्हणून रडला, तर त्यात काही वावगं नाही. त्या चर्चेत शिरणाऱ्याला माहीत असतं की इथे एपिसोड पाहिलेली माणसं बोलताहेत. दार ढकलून आत जाण्याचा निर्णय त्याचा असतो. फेसबुकवरचा फोटो असं दार ठेवत नाही. पेज फॉलो केलेल्या माणसाच्या समोर तो आपोआप येतो, भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली, मित्राच्या प्रवासाच्या फोटोवर. वाचायचं की नाही हे ठरवण्याआधी पाहून झालेलं असतं. मजकूर निदान टाळता येतो, पहिल्या शब्दावर नजर वळवता येते. चित्राला तेवढीही फट नसते.

म्हणूनच चाहत्यांच्या गटांत जे नियम वर्षानुवर्षांच्या भांडणांतून तयार झाले, त्यांत सगळ्यात कडक नियम शीर्षकाचा असतो. आत काहीही बोला, पण शीर्षकात नाव नको, घटना नको, ‘मेला’ किंवा ‘मेली’ नको. मराठीत तर एक जास्तीची अडचण आहे. ‘मेली’ म्हटलं की अर्धे संशयित आपोआप सुटतात. नाव न घेताही क्रियापदच स्पॉयलर देऊन टाकतं, म्हणून मराठीत लिहिताना आम्ही ‘कोणाचा तरी शेवट होतो’ असं लिहायला शिकलो.

दुसरा प्रकार सूचक बोलण्याचा. आमच्या ओळखीतले एक दादा कधीच काही सांगत नाहीत, फक्त ‘आज रुमाल जवळ ठेवा’ एवढंच लिहितात. मनापासून, प्रेमाने लिहितात. पण ते वाचल्यावर दर पाच मिनिटांनी वाटत राहतं, आता हा जाणार, आता ती जाणार. त्यांना समजावताना कोणालाही बरं वाटलं नाही, आणि तरीही ते समजावणं गरजेचं होतं.

वाहिनीचा दोष इतर कोणाहून जास्त होता, त्याचं कारण वेगळं आहे. रविवारी संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे जुने चाहते सावध असायचे. पूर्वेकडच्या मित्रांचे मेसेज न उघडणं, काही ठिकाणी न फिरकणं, ही त्यांची सवयच झाली होती. अनोळखी माणसापासून स्वतःला जपायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ज्यांनी मालिका बनवली, ज्यांनी ‘आज रात्री नक्की पाहा’ म्हणून दिवसभर बोलावलं, त्यांच्याच दारातून घात होईल असं कोणाच्या मनात का यावं? ‘मग फेसबुक उघडलंच कशाला’ हा टोमणा अनेकांनी मारला. तो मला अन्यायाचा वाटतो. यजमानाच्या घरी जाताना कोणी चिलखत घालून जात नाही.

घाई का झाली, तेही समजून घेण्यासारखं आहे. याच सीझनचा पहिला एपिसोड 1 कोटी 70 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला होता, मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर होती. एपिसोड संपता संपता सगळीकडे बेथचंच नाव सुरू होतं. एपिसोडमागोमाग ‘टॉकिंग डेड’ हा थेट गप्पांचा कार्यक्रम लागायचा, त्यात त्या रात्री मेलेल्यांची उजळणीही व्हायची. म्हणजे वाहिनीची सारी यंत्रणा एपिसोड संपल्याच्या पुढच्या मिनिटावर बेतलेली होती. त्या मिनिटाला पेज गप्प राहिलं तर मागे पडलो असं वाटणं साहजिक होतं. पोस्ट टाकणाऱ्याच्या घड्याळात एपिसोड संपला होता. दुसरं घड्याळ कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं, एवढंच.

कॉमिक्स वाचणारे

या प्रकरणाला एक खास बाजू आहे आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. ‘द वॉकिंग डेड’ मुळात रॉबर्ट कर्कमनचं कॉमिक. 2003 मध्ये सुरू झालं, 2019 मध्ये 193 व्या अंकावर संपलं. मालिकेच्या चाहत्यांत त्यामुळे कायम दोन पंक्ती: कॉमिक्स वाचलेले आणि न वाचलेले. पहिल्यांना भविष्य ठाऊक. त्यांनी मनात आणलं असतं तर कोणताही सीझन सुरू व्हायच्या आधीच फोडून टाकला असता.

बहुतेकांनी तसं केलं नाही. मॅगीचा नवरा ग्लेन, त्याचंच घ्या. कॉमिक्सच्या 100 व्या अंकात, जुलै 2012 मध्ये, निगन हा खलनायक त्याला बॅटने मारतो. मालिकेत तो प्रसंग 23 ऑक्टोबर 2016 ला आला. चार वर्षांहून अधिक काळ लाखो वाचकांनी हे पोटात ठेवलं, ग्लेन आणि मॅगीच्या लग्नाबद्दल, मुलाबद्दल इतर चाहते स्वप्नं रंगवत असताना. कोणी बोललंच नाही असं नाही, फुटायचं तिथे फुटलंही. पण चाहत्यांच्या मंडळींत ‘कॉमिक्सवाल्यांनी वेगळीकडे बोलायचं’ ही रीत ज्या निष्ठेने पाळली गेली, ती पाहिली की मला अभिमान वाटतो.

बेथ मात्र कॉमिक्समध्ये नाहीच. ती मालिकेसाठी घडवलेली. डॅरिलही तसाच. म्हणजे त्या फोटोतली दोन्ही माणसं अशी, की ज्यांच्याबद्दल कोणालाच आधी काही ठाऊक नव्हतं. एरवी भविष्य माहीत असणारे आणि नसणारे, दोघं इथे एका पायरीवर होते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी तोंड मिटून बसलेल्या वाचकांना स्वतःला निखळ धक्का बसण्याची ही दुर्मीळ संधी होती. तीही गेली.

कॉमिक्सची माहिती पूर्ण खरी ठरत नाही, म्हणून ती स्पॉयलर नाही, असाही युक्तिवाद होतो. मालिकेने मृत्यूंची अदलाबदल केली हे खरंच आहे. कॉमिक्समध्ये रिकच्या गटातल्या अब्राहमला ज्या बाणाने मरण येतं, तो मालिकेत डेनिस या दुसऱ्या पात्राच्या वाट्याला आला, आणि अब्राहम पुढे निगनच्या बॅटखाली, ग्लेनच्या आधी गेला. पण माहिती चुकली तरी नजर बदलते. ‘या अंकात बाण येतो’ एवढं कळलं की मोकळं मैदान दिसलं तरी छातीत धस्स होतं.

त्यानंतर

बेथला परत आणा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. त्यात पात्राच्या मृत्यूचा राग होता, आणि तो ज्या पद्धतीने कळला त्याचाही असावा असं मला वाटतं. 8 फेब्रुवारी 2015 ला मालिका परतली आणि पहिल्याच एपिसोडमध्ये आणखी एक जुनं पात्र गेलं.

वाहिनी पुढे सावध झाली, पण दुसऱ्या टोकाला जाऊन. ऑक्टोबर 2015 मध्ये ग्लेन वॉकर्सच्या, म्हणजे झॉम्बींच्या, गर्दीत पडलेला दाखवला, आणि तो जिवंत आहे की नाही हे कळू नये म्हणून पुढच्या एपिसोड्सच्या श्रेयनामावलीतून अभिनेता स्टीवन युनचं नावही काढून टाकलं. नोव्हेंबरच्या शेवटाकडे तो जिवंत निघाला. एप्रिल 2016 च्या फिनालेत निगनने बॅट उगारली आणि कोणावर ते न दाखवताच सीझन संपला, उत्तर सहा महिन्यांनी. त्याच उन्हाळ्यात वाहिनीच्या वकिलांनी चाहत्यांच्या एका गटाला कायदेशीर इशारा दिला की बॅटखाली कोण सापडलं याचा अंदाजसुद्धा जाहीर करू नका.

इथे मला थांबून स्पष्ट बोलायचंय. गुपित सांभाळणं आणि प्रेक्षकाला जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोडा’च्या रात्री प्रेक्षकाची आठवण राहिली नाही, आणि 2016 मध्ये गुपिताचीच काळजी इतकी झाली की प्रेक्षक संशयित ठरला. अंदाज बांधणं हा चाहत्याचा हक्क आहे. रविवार ते रविवार आपण जगतो ते त्यावरच. सेटवरून चोरलेली माहिती आणि चहा पिता पिता लढवलेली थिअरी यांत फरक करायलाच हवा. पहिली ‘स्पॉयलर’ अशा खुणेशिवाय मांडणं चूक, दुसरी मनमोकळी मांडावी.

गुपित प्रेमानेही राखता येतं. कर्कमनने 2019 मध्ये कॉमिक संपवलं ते आगाऊ न सांगता. 193 व्या अंकानंतरही कॉमिक चालू राहणार आहे असं वाटावं म्हणून पुढच्या अंकांची मुखपृष्ठं आधीच जाहीर केली होती. वाचकाने अंक उघडला, शेवटच्या पानापर्यंत गेला आणि तेव्हाच त्याला कळलं. कोणाला इशारा नाही, कोणाला नोटीस नाही.

त्या रात्री पेज माझ्या हाती असतं तर

प्रकरण अभ्यासात हा प्रश्न टाळू नये, म्हणून उत्तर देते. श्रद्धांजली वाहायचीच होती, आणि ती वाहायला हवीही होती. पूर्वेकडच्या लोकांना रात्री दहा वाजता रडायला जागा हवी होती. म्हणून दहा वाजता मी रिकाम्या कॉरिडॉरचं चित्र टाकलं असतं, त्यात माणूस नाही, नाव नाही, आणि ओळ एवढीच: ‘कोडा पाहून झालेल्यांनी खाली प्रतिक्रियांत बोलावं, बाकीच्यांनी एपिसोड संपेपर्यंत खाली उतरू नये.’ प्रतिक्रियांत बेथचं नाव आलं असतं, येऊ द्यायचं. खाली उतरायचं की नाही, हे तिथे वाचणाऱ्याने ठरवायचं.

पश्चिमेकडे एपिसोड संपला की पूर्वेच्या घड्याळात मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो. तेव्हाही फोटो टाकला नसता. सोमवारचा दिवस रेकॉर्ड करून पाहणाऱ्यांसाठी, प्रवासातून घरी पोहोचणाऱ्यांसाठी सोडला असता. त्या दिवशी पेजवर बेथचे जुने प्रसंग, गाणं म्हणणारी बेथ, तुरुंगात बाळाला कडेवर घेतलेली बेथ, जिवंत बेथ, एवढंच. पाहिलेल्यांना ते का टाकलंय हे आपोआप कळलं असतं, आणि न पाहिलेल्यांना त्या रात्री टीव्हीसमोर बसताना ती सुटेल अशी आशा राहिली असती.

डॅरिलच्या हातांवरचा तो फोटो मंगळवारी.